कवळीकाकांनी काढलेल्या एकोणीस चुका

आमच्या चर्चमध्ये ज्यांना लहानथोर सगळे कवळीकाका म्हणतात, त्यांचा धंदा नावातच आला. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. तिथे बसून ते तेहतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवत आलेत. डॉक्टर पुढच्या खोलीत तोंडाचं माप घेणार. मागच्या खोलीत काका त्यावरून प्लास्टरचा साचा ओतणार, मेणात एकेक दात बसवणार, मग मेण वितळवून त्या जागी हिरडीच्या रंगाचं प्लास्टिक भरणार, ते तापवून घट्ट करणार आणि घासून घासून इतकं गुळगुळीत करणार की जिभेला तक्रारीला जागा राहू नये. चर्चमधल्या पुढच्या तीन बाकांवर जे म्हातारे बसतात, त्यातल्या निम्म्यांच्या तोंडात काकांचं काम आहे. आम्ही गीत म्हणायला उभे राहिलो की काका गाणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतात. भक्तिभावाने नव्हे, कुणाची वरची कवळी सैल झालीय ते बघायला.

मी तिथे ऑर्गन वाजवते. पाळकसाहेब कधी उभे राहतात ते कळावं म्हणून ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला आहे. त्यात काकांचं बाकही दिसतं. त्यामुळे ही गोष्ट सुरू झाली त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा झाला ते मी स्वतः पाहिलंय. पुढचं काही त्यांनीच सांगितलं, काही काकूंनी.

काकांना दुसरा नाद वाचनाचा. रहस्यकथा, आणि फक्त रहस्यकथा. चर्चच्या बाजूच्या खोलीत पुस्तकांचं कपाट आहे, त्याची किल्ली त्यांच्याकडे. वरच्या खणात संतांची चरित्रं आणि प्रवचनं, खालचे चारही खण खुनांचे. "वर उपदेश, खाली उदाहरणं," असं ते पाळकसाहेबांना सांगत. कुठल्याही नव्या पुस्तकाची साठेक पानं झाली की पुस्तक मांडीवर उपडं ठेवून ते खुनी कोण ते जाहीर करायचे, आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं. पुस्तक न्यायला आलेल्याला ते म्हणायचे, "ने, छान आहे. माळी आहे बरं का." नेणारा बिचारा तोंड पाडून पुस्तक परत ठेवायचा. तरीही त्यांच्या शब्दाला मान होता. अमुक कादंबरी कशी आहे, हे विचारायला लोक त्यांच्याकडेच यायचे.

लिहायचं त्यांच्या मनात होतं. निवृत्त झालो की एक लिहीन, असं ते काकूंना वीस वर्षं सांगत होते. एक कोरी जाड वही आणून ठेवली होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं, दुसऱ्यावर काही नव्हतं.

आता त्यांचे साडू. काकूंच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे सांभाळायचे. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ गेलाय, कुठे जुना नळ बुजवून नवा टाकलाय, ते सगळं त्यांच्या डोक्यात. बोलायला अगदी कमी. दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली की बोलायचं काम काकांचं आणि ऐकायचं साडूंचं, अशी वाटणी पंचवीस वर्षं चालत आलेली. काकांना ते आवडायचं. "माणूस चांगला आहे," ते काकूंना म्हणायचे, "फक्त आत काही नाही."

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब वेदीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एक आनंदाची बातमी. आपल्याच मंडळीतल्या एका बंधूंनी कादंबरी लिहिली आहे आणि ती छापून आली आहे. रहस्यकथा आहे, पण तिच्यात पाप आणि क्षमा यांचा फार खोल विचार आहे."

आरशात मला काका दिसले. ते किंचित पुढे झुकले होते, चेहऱ्यावर कौतुक होतं, कोण बरं, अशी उत्सुकता होती. पाळकसाहेबांनी साडूंकडे हात केला. साडू अर्धवट उठले आणि लगेच बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण त्यांचा चेहरा ओल्या प्लास्टरसारखा झाला होता. बघता बघता तो घट्ट झाला.

बाहेर पायऱ्यांवर साडूंभोवती गर्दी. जे लोक दर रविवारी काकांशी दोन शब्द बोलून जायचे, ते साडूंचा हात हलवत होते. काका कपाटाची किल्ली हातात धरून उभे होते. एक म्हातारे गृहस्थ त्यांना म्हणाले, "अहो, तुमच्या घरातच लेखक! तुम्हाला आधीच माहीत असणार सगळं." त्या गृहस्थांच्या तोंडातली कवळी काकांचीच होती.

"हो तर," काका म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पाच वर्षं तो माणूस लिहीत होता आणि दर महिन्याला समोर बसून जेवत होता.

कादंबरीचं नाव 'तळघरातली प्रार्थना'. काकांच्या हाती ती मंगळवारी आली, पण त्याआधी ती काकूंच्या हाती पडली. हे काकांच्या फार जिव्हारी लागलं. काकू वाचणाऱ्यातल्या नव्हेत. लग्न झाल्यापासून काकांनी त्यांच्यापुढे किती पुस्तकं ठेवली असतील! "तू फक्त पहिली वीस पानं वाच," अशी गळ घातली असेल. काकू म्हणायच्या, "वाचीन हो, जरा हे काम आवरू दे." आणि आता त्याच काकू खिडकीशी खुर्ची ओढून, चूल बंद करून वाचत बसल्या होत्या. काका दुपारी जेवायला घरी आले तर टेबलावर काही नाही.

"जेवण?"

"पाव आहे. अंडं उकडून घ्या ना," काकू मान वर न करता म्हणाल्या.

काकांनी अंडं उकडलं. पलीकडच्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघतात तर काकूंच्या डोळ्यांना धारा लागलेल्या.

"काय झालं?"

"काही नाही. फार छान लिहिलंय हो भावोजींनी."

काका मला नंतर म्हणाले, "तुला खोटं वाटेल, पण तिने एखाद्या परपुरुषाचं पत्र वाचावं ना, तसं मला वाटलं." हे सांगताना ते हसले नाहीत.

काकांनी मग ती कादंबरी वाचली. पेन्सिल हातात घेऊनच बसले. गोष्ट अशी. एका जुन्या चर्चच्या तळघरात हाडांचा सांगाडा सापडतो. जबड्यात फक्त एक कवळी शाबूत. त्यानंतर मंडळीतली तीन माणसं एकामागून एक मरतात, प्रत्येकाच्या हातात गीतसंग्रहाचं फाडलेलं पान. पाळकावर संशय. पोलिसांचा एक तरुण डॉक्टर त्या कवळीवरून मेलेल्याची ओळख पटवतो. आणि शेवटी खुनी निघतो चर्चमधला ऑर्गन वाजवणारा. (मला त्याबद्दल साडूंशी दोन शब्द बोलायचे होते, पण ते राहू दे.) खुनी गुडघे टेकून पश्चात्ताप करतो आणि पुस्तक संपतं.

काकांची निराशा काही अगदीच खोटी नव्हती, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. मीही ते पुस्तक वाचलंय. पानोपानी अंधार, दिवा लागला की विझणार, दार उघडलं की करकरणार. भल्या माणसांचं एकही हसणं नाही. जणू श्रद्धा असलेल्या माणसाने कायम काळे कपडे घालून कोपऱ्यात उभं राहायचं असतं. खुनी पहिल्यांदा भेटतो तो पान एकशे नव्वदवर. "ही फसवणूक आहे!" काका म्हणाले. "वाचणाऱ्याला त्याचा वास तरी लागायला हवा. आणि दोन पानांत पश्चात्ताप? तीन जीव घेतलेत त्याने! आमची कवळीसुद्धा एवढ्या लवकर घट्ट होत नाही."

काकांनी साठाव्या पानावर पाळकाचं नाव घेतलं होतं. ते चुकलं. तेही त्यांना लागलं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते निराळंच. ती कवळी त्यांची होती.

सतरा वर्षांपूर्वी कालव्यात एक प्रेत सापडलं होतं. बरेच दिवस पाण्यात राहिलेलं, ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त तोंडातली कवळी. पोलीस ती घेऊन गावातल्या कवळ्या बनवणाऱ्यांकडे फिरले. काकांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ही माझी." खालचा डावीकडचा एक दात त्यांनी मुद्दाम तिरका बसवलेला होता. गिऱ्हाईक होते एक निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांनीच सांगितलं होतं, "तो दात तिरकाच ठेवा. सरळ दातांनी घरी गेलो तर बायको दार उघडायची नाही." काकांनी नोंद काढून नाव सांगितलं, तपास लागला.

ही गोष्ट काकांनी जेवणाच्या टेबलावर किमान तीस वेळा सांगितली असेल. दरवेळी "ही माझी!" म्हणताना हातातला चमचा उजेडाकडे धरायचे आणि सगळे हसायचे. साडूही हसायचे. आणि आता तीच गोष्ट त्यांनी उचलून एका तरुण, देखण्या, उंच पोलीस डॉक्टरला देऊन टाकली होती. कवळ्या बनवणारा माणूस पुस्तकात नावालाही नव्हता. वर त्यात चुका! कवळी म्हणे चिनी मातीची. म्हणे तिच्यात सोन्याचे खिळे.

"मला विचारलं असतं तर?" काका काकूंना म्हणाले. "एकदा तरी? पंचवीस वर्षं माझ्या टेबलावर बसून—"

"विचारलं असतं तर तुम्ही त्यांना लिहू दिलं असतं का?" काकू म्हणाल्या.

यावर काका ताडकन उठून गेले.

दोन आठवड्यांनी चर्चच्या बाजूच्या खोलीत पुस्तकावर चर्चा ठेवली. रविवारची दुपार, चहा, बिस्किटं, पन्नासेक माणसं. पाळकसाहेबांनी सुरुवातीला म्हटलं, "काही उणीव वाटली तर तीही प्रेमाने सांगा." चारपाच जण कौतुकाचं बोलले. प्रत्येकाचं बोलणं झालं की काका घड्याळ बघत. मग ते उठले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मी वाचक आहे," ते म्हणाले. "लेखक नाही. त्यामुळे मला फक्त चुका दिसतात. एकोणीस आहेत."

लोक हसले. काकांना बरं वाटलं असावं, आवाज चढला. एक, तळघरात दिवा विझलेला असताना डॉक्टर गीताच्या पानाचा आकडा कसा वाचतो? दोन, सोमवारी मेलेला माणूस बुधवारी चहा पितो. तीन, कवळी चिनी मातीची नसते, दात असतात फार तर. चौथ्या चुकीलाही लोक हसले. नवव्याला कुणीतरी खोकलं. बाराव्या चुकीपर्यंत खोलीत फक्त काकांचा आवाज आणि कपबशीचा एखादा किणकिणाट. त्यांना थांबायला हवं हे कळत होतं, असं ते मला नंतर म्हणाले. पण तोंडाला जणू कुणीतरी चावी दिली होती.

आणि साडू? साडूंनी खिशातून छोटी वही काढली होती आणि ते एकेक चूक लिहून घेत होते. मध्येच म्हणाले, "दादा, जरा थांबा. सोमवार-बुधवारची पुन्हा सांगता का?" आवाजात राग नाही, उपरोध नाही. काकांना म्हणे त्या क्षणी वाटलं, याने एक सणसणीत शिवी द्यावी. ती परवडली असती.

एकोणीस संपल्या. काका कागदाची घडी करत होते, तेवढ्यात साडूंच्या बायकोने, म्हणजे काकांच्या मेहुणीने, मागच्या बाकावरून विचारलं, "आणि अकरावं प्रकरण, भावोजी? त्यातली एकही चूक नाही सांगितलीत."

काकांच्या हातातला कागद तसाच राहिला. "अकरावं," ते म्हणाले, "मी वाचलं नाही. घाईत होतो."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

दोघं घरी आले. दाराचं कुलूप काढताना काकू म्हणाल्या, "अकरावं प्रकरण तुम्ही निदान तीन वेळा वाचलंय."

"कशावरून?"

"पानावर मेणाचा अंगठा आहे तुमचा. एकाच पानावर तीनदा."

काका खुर्चीत बसले. त्या प्रकरणात काय आहे ते सांगायला हवं. ओळख पटल्यावर तो पोलीस डॉक्टर मेलेल्या माणसाच्या विधवेकडे जातो. तिला नवऱ्याची कवळी परत हवी असते, पण मागायची लाज वाटते. डॉक्टर कचेरीत खेटे घालतो, कागदपत्रं करतो, कवळी स्वतः धुतो, रुमालात गुंडाळून तिच्या घरी नेऊन देतो. ती एका पेल्यात पाणी घेते, कवळी त्यात ठेवते आणि पेला खिडकीत ठेवते. डॉक्टर जरा वेळ तिच्याबरोबर बसतो. बस, एवढंच. चार पानं. त्या चार पानांत दिवे विझत नाहीत, दारं करकरत नाहीत. सगळ्या पुस्तकात तेवढंच खरं वाटतं, आणि काकांइतका मुरलेला वाचक ते ओळखणार नाही असं होणारच नव्हतं.

खरोखरची विधवाही आली होती. जेवणाच्या टेबलावर काका ते कधी सांगत नसत, त्यांची गोष्ट "ही माझी!" वर संपायची. ती बाई त्यांच्या मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती यांचीच आहे अशी चिठ्ठी तुम्ही दिलीत तर पोलीस मला देतील का?" काकांच्या हातात गरम साचा होता. ते म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा काचेतून तिला येताना पाहून काकांनी पुढच्या खोलीत निरोप दिला, मी नाही म्हणून सांगा. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यांनी हे फक्त एकदा, त्याच संध्याकाळी, काकूंना सांगितलं होतं.

"तू बहिणीला सांगितलंस," काका म्हणाले.

"ती बाई आली होती एवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "तुमची लाज ती माझी नाही का?"

काका म्हणतात, खरा मत्सर काय असतो ते त्यांना त्या संध्याकाळी कळलं. टाळ्यांचं, हस्तांदोलनांचं, काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याचं एवढं काही नव्हतं. तो डॉक्टर! कागदावरचा, शाईचा, कधी न जन्मलेला माणूस. त्याने दोन दिवस खेटे घातले. त्याला वेळ होता. त्याला त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवलं. काकांना त्याचा इतका राग आला की ते पुस्तक त्यांनी बुटांच्या फळीवर नेऊन ठेवलं.

बुधवारी सकाळी साडू दवाखान्यात आले. रजा टाकून आले होते. मागच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "दादा, कवळी कशी बनते ते दाखवाल का? दुसरी आवृत्ती निघतेय. चुका सुधारायच्यात."

दुसरी आवृत्ती! काकांनी हातातला साचा जरा जोरातच खाली ठेवला. तरी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. धंद्याचं कुणी मनापासून विचारलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी साचा दाखवला, मेणाची पट्टी तापवून दाखवली, दात निवडायचा ट्रे दाखवला. "पिवळे घ्यायचे, पांढरे नाही. पांढरे दात खोटं बोलतात." साडूंनी एक दात मेणात बसवून पाहिला, तो घोड्यासारखा बाहेर आला. काका हसले. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

मग साडूंनी विचारलं, "त्या बाईला तुम्ही कवळी नेऊन दिलीत, तेव्हा ती काय म्हणाली? मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिला काही बोलायलाच लावलं नाही."

काकांनी दातांचा ट्रे बाजूला सारला. "मी दिली असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," साडू गोंधळले. "ही म्हणाली, बाई आली होती. पुढचं... तुम्ही दिलीच असणार ना. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"मग तो डॉक्टर कशाला घातलात?"

"तुम्हाला घातलं असतं तर सगळ्यांनी ओळखलं असतं. तुम्हाला आवडलं नसतं, असं ही म्हणाली. म्हणून उंची वाढवली, मिशी काढली."

काकांच्या हातातली मेणाची पट्टी मऊ होऊन वाकली. ज्या माणसावर ते पंधरा दिवस जळत होते, तो म्हणजे ते स्वतःच होते. साडूंना वाटणारे ते. त्यांना एकदा वाटलं, गप्प बसावं. याला वाटतंय ते वाटू दे, छापलंय, राहील. पण तेवढंही जमेना.

"मी नाही दिली," ते म्हणाले. "ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी या खोलीत होतो, आणि नाही म्हणून सांगितलं." आणि सगळं सांगितलं, गरम साच्यापासून.

साडू बराच वेळ मेणातला तो घोड्यासारखा दात बोटाने आत ढकलत बसले. मग म्हणाले, "बदलू का?"

"काय?"

"अकरावं प्रकरण."

"खबरदार," काका म्हणाले. "अख्ख्या पुस्तकात तेवढंच धड आहे."

साडूंनी तेही वहीत लिहून घेतलं. काकांना ते दिसलं आणि त्यांना हसावं की चिडावं ते कळेना.

पुढच्या महिन्यात काकांनी जुनी नोंद काढली आणि त्या पत्त्यावर गेले. बाई सहा वर्षांपूर्वी वारली होती. घरात मुलगी राहते, तीही आता पन्नाशीची. काका दारातच म्हणाले, "मी तुमच्या वडिलांची कवळी बनवली होती." तिने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी तिच्या आईला कसं परत पाठवलं ते सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईने ते मनाला लावून घेतलं होतं. तुमचं नाव नव्हतं माहीत तिला, पण बोलायची त्याबद्दल." बरं झालं आलात, असं काही ती म्हणाली नाही. काका तसेच परत आले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं आणि दोघं जेवायला बसले.

दुसऱ्या आवृत्तीत एकोणिसापैकी चौदा चुका सुधारल्या गेल्या. ऑर्गन वाजवणारा आता पान तीसवरच येतो आणि त्याच्या वागण्याचा थोडा वासही येतो. (माझी तक्रार कायम आहे.) पश्चात्तापाला आता नऊ पानं मिळाली. शेवटी आभारांची यादी आहे. तिच्यात काका पाचवे आहेत, टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या खाली. "पाचवा!" ते मला म्हणाले. "एकोणीस चुका काढून पाचवा!" म्हणजे जळायचा गुण पूर्ण गेलेला नाही. ती जाड वहीही जवळजवळ कोरीच आहे. मध्ये त्यांनी तीनदा लिहायला घेतलं, पण दरवेळी पहिल्याच प्रकरणात पाणीपुरवठ्यातला एक नकाशेवाला मरायचा, म्हणून काकूंनी ती बंद करायला लावली.

आता दर बुधवारी साडू दवाखान्यामागच्या खोलीत येतात. लिहिलेली पानं काकांना वाचून दाखवतात, काका कवळी घासता घासता चुका सांगतात. साडूंनी एकदा पहिल्या पानावरच खुनी कोण ते सांगून टाकलं, तर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गेल्या बुधवारी मात्र साडू आलेच नाहीत. काकांनी तीन वाजेपर्यंत वाट बघितली, मग मागच्या खोलीला कुलूप लावून बाजाराच्या रस्त्याने निघाले. चौकातल्या घड्याळजीच्या दुकानात साडू बसलेले होते, वही उघडी, मान खाली. नव्या कादंबरीत एक बंद पडलेलं घड्याळ आहे म्हणे. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून काहीतरी समजावत होता आणि साडू अगदी तन्मयतेने लिहून घेत होते.

काका काचेबाहेर उभे राहिले. मी रस्त्याच्या पलीकडून येत होते, मला पाहून म्हणाले, "बघ, बघ त्याला. त्या घड्याळजीला आयुष्यात कधी धड घड्याळ दुरुस्त करता आलं नाही. माझं दोनदा बिघडवलं त्याने!" आणि दार ढकलून आत गेले.